गप्पी ते खवलचोर : मुंबईला लागलेल्या मासे पाळण्याच्या वेडाची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे फार वाहवत गेलो तिथे थोडी छाटणी केली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग माशांवर आहे. ताटातल्या नाही, काचेतल्या. मुंबईत 'मासे' हा शब्द उच्चारला की समोरचा लगेच 'कुठले मिळाले? ताजे होते का?' असं विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

प्रश्न अगदी साधा आहे. एखादा माणूस दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीत चार मासे घेऊन घरी येतो. बहुतेक वेळा पोराच्या हट्टापायी. तीन वर्षांनी बघावं तर पोरगं क्रिकेट खेळतंय आणि बाबांच्या हॉलमध्ये पाच टाक्या आहेत, फ्रिजमध्ये मटारांशेजारी गोठवलेल्या अळ्यांचं पाकीट आहे, आणि लग्नाकार्यात भेटेल त्याला ते पाण्याचा पीएच समजावून सांगतायत. मधल्या काळात नेमकं काय घडलं? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही मोठ्या सोसायटीत चौकशी करा, असा एक तरी माणूस सापडतोच.

मी सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट अशी का वागतेय हे कळत नसेल तर आम्ही जुने लॉग उघडून बसतो. तसंच इथेही करायचं ठरवलं. मुंबईत मासे पाळणं कधी आणि कशासाठी सुरू झालं, कुठून कुठे गेलं, ते मागे जाऊन बघूया. लॉग चाळताना माझ्या हाती एक गोष्ट लागली, ती आत्ताच सांगतो: लोक सुरुवात माशापासून करतात, पण वेड लागतं ते पाण्याचं. ज्या दिवशी नजर माशावरून सरकून पाण्यावर जाते, त्या दिवशी माणूस छंदाच्या पलीकडे गेलेला असतो. आता ही गोष्ट क्रमाने.

मुंबईत मासा आधी नोकरीला लागला

शोभेसाठी मासा मोठ्या प्रमाणावर घराघरात गेला तो पुढे. त्याच्या आधी या शहरात मासा कामाला लागला होता. काम कसलं? डासांच्या अळ्या खाण्याचं.

विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईला मिळू लागलं १८६० मध्ये. पण म्हणून घराघरातल्या विहिरी बंद झाल्या नाहीत. कुणाला विहिरीच्या पाण्याची चव आवडायची, कुणाला पूजेला तेच पाणी लागायचं. पुढे शहरात हिवतापाने धुमाकूळ घातला, तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी त्याच्या कारणांचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये त्यांचा अहवाल आला. निष्कर्ष असा की मुंबईतला हिवताप दलदलीतून येत नाही, तो घराच्या आवारातल्या विहिरींतून आणि टाक्यांतून येतो. ॲनोफिलीस स्टीफेन्साय जातीचा डास तिथल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

मग विहिरी बुजवा किंवा झाका, असं सुरू झालं. त्याला विरोधही झाला. पारशी समाजात विहिरीला धार्मिक महत्त्व आहे, तिच्या पाण्यावर ऊन पडलं पाहिजे ही श्रद्धा आहे. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ ची, आजही तिथे लोक प्रार्थनेला येतात. विहीर उघडी तर ठेवायची आणि डास तर होऊ द्यायचे नाहीत, अशा ठिकाणी छोटा मासा हा फार सोयीचा उपाय होता. झाकण नको, औषध नको, पगार नको.

या कामासाठी गाजलेला मासा म्हणजे गप्पी. हा आपला नाही, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, तिथे १८६६ मध्ये त्यांच्या नावावरून माशाचं नाव ठेवलं गेलं. नंतर कळलं की आणखी कुणीतरी त्याचं वर्णन आधीच, १८५९ मध्ये, करून ठेवलंय. त्यामुळे शास्त्रीय नावातून गप्पी गेले, पण लोकांच्या तोंडी राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात हा मासा डास मारायला भारतात आणला गेला. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे सरकारी भिंतींवरचं वाक्य आपल्यातल्या अनेकांनी शाळेत जाता-येता वाचलंय. मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग आजही विहिरींत, टाक्यांत गप्पी सोडतो.

मला यात गंमत वाटते ती ही: मुंबईकराला मासा पाळायला सांगणारी पहिली मोठी जाहिरात दुकानदाराची नव्हती, आरोग्य खात्याची होती. आणि त्या जाहिरातीत मुद्दा पाण्याचाच होता.

काचेची पेटी आली कुठून?

काचेच्या पेटीचा शोध घ्यायला थोडं मुंबईबाहेर जावं लागेल. मासे पाळणं जुनंच. चीनमध्ये सोनेरी मासे हजारेक वर्षांपूर्वी तळ्यांत आणि कुंड्यांत पाळले जात. पण कुंडीत मासा वरून दिसतो. बाजूने, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बघायचं तर काच हवी. आणि काचेच्या बंद पेटीत मासा जगवायचा तर पाणी शुद्ध राहायला हवं. खरी अडचण तिथे होती.

ती सोडवणाऱ्यांतलं एक मोठं नाव म्हणजे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन. १८५० च्या सुमारास त्यांनी काय केलं, तर एका काचपात्रात दोन गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासा कार्बन डायऑक्साइड देईल, हिशोब जुळेल. पण पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, आणि पाणी स्वच्छ राहायला लागलं. मासा, झाड आणि सफाई कामगार असा तीन पायांचा हिशोब. ती व्हॅलिस्नेरिया आज आपल्याकडच्या दुकानांत 'व्हॅलिस' म्हणून मिळते.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये या छंदाची अक्षरशः साथ पसरली. लोक बादल्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जायचे, खडकांतल्या डबक्यांमधून दिसेल ते उचलून आणायचे. गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात खंत व्यक्त केली की वडिलांनी ज्या किनाऱ्यांचं सौंदर्य लोकांना दाखवलं, तेच किनारे लोकांनी ओरबाडून रिकामे केले. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

१९५१, मरीन ड्राइव्ह

आता परत मुंबई. स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांनी, १९५१ मध्ये, मरीन ड्राइव्हवर चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद आले होते. बांधकामाचा खर्च सुमारे ८ लाख रुपये, आणि त्यातले २ लाख रुपये पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांनी दिले. म्हणून त्यांचं नाव.

विचार करा, रेशनच्या रांगांचा तो काळ. सरकारने आणि एका नागरिकाने मिळून पैसे घातले कशात, तर लोकांना मासे बघता यावेत यात. पुढची कित्येक वर्षं उपनगरातल्या पोरांची सहल ठरलेली असायची: बोरिवली-अंधेरीहून थेट चर्नी रोड, घाटकोपर-मुलुंडहून दादरला गाडी बदलून. मत्स्यालय, मग चौपाटी, मग भेळ. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा, काचेला नाक लावून उभी असलेली पोरं, आणि मागून शिक्षकांचं 'पुढे सरका, पुढे सरका'. आजच्या साठीतल्या अनेक मुंबईकरांनी समुद्री कासव किंवा ईल पहिल्यांदा जिवंत पाहिलं ते इथेच.

बघणं आणि पाळणं यात मात्र बरंच अंतर होतं. तेव्हाची घरगुती टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट, त्यात पुट्टीने बसवलेल्या काचा. चौकट गंजायची, पुट्टी सुकून तडकायची, आणि रात्री कधीतरी जमिनीवर पाणी. पुढे सिलिकॉन सीलंट आलं आणि नुसत्या काचेला काच चिकटवून टाकी बनवता यायला लागली. १९६० आणि ७० च्या दशकांत जगभर हा बदल झाला. कुठल्याही छंदाच्या इतिहासात असा एखादा कंटाळवाणा शोध असतो ज्याचे आभार कुणी मानत नाही. इथे तो सिलिकॉन आहे. आता गल्लीतला काचवालाही मापाने टाकी बनवून देतो.

मासे मिळायचं मोठं ठिकाण म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आपली महात्मा फुले मंडई. पुढे कुर्ल्यालाही रंगीत माशांचा मोठा बाजार झाला आणि उपनगरवाल्यांना व्हीटीपर्यंत जायची गरज उरली नाही. लोकलच्या डब्यात मांडीवर पाण्याची फुगलेली पिशवी घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेलच. चेंगराचेंगरीतही त्याला लोक थोडी जागा करून देतात. मुंबईत यापेक्षा मोठा सन्मान नाही.

पहिला महिना

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे. बहुतेक लोकांचा हा छंद पहिल्या महिन्यातच संपतो. टाकी आणली, पाणी भरलं, मासे सोडले, चार दिवस सगळं झकास. मग एकेक मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो, आणि दोन आठवड्यांत टाकी रिकामी. घरातले म्हणतात, 'आपल्याला मासे लाभत नाहीत.'

लाभण्याचा प्रश्न नसतो, रसायनाचा असतो. मासा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनिया तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो आणि विष ठरतो. टाकीत हळूहळू काही जिवाणू वाढतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. निसर्गात हे काम जिवाणू करतात, हे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की यांनी दाखवून दिलं. नव्या टाकीत ही जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू व्हायच्या आधीच तुम्ही त्यावर ट्रॅफिक सोडता, आणि मग तो कोसळला की ट्रॅफिकला दोष देता.

हे ज्याला कळतं तो छंद सोडत नाही. कारण आता त्याला मासा दिसतो तसा माशामागचा एक अदृश्य कारखाना दिसायला लागतो. फिल्टरमधला तो घाणेरडा स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं ना!

आणि इथे मुंबईकराला एक फायदा आहे, जो त्याला सहसा माहीत नसतो. आपलं पाणी येतं वैतरणा, तानसा, भातसा या खोऱ्यांतल्या तलावांतून. सगळं पावसाचं पाणी, सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहत आलेलं. या दगडातून चुना फारसा विरघळत नाही, म्हणून पाणी मऊ राहतं. निऑन टेट्रासारख्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशांना असंच मऊ पाणी लागतं. भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून निघालेलं हे पाणी क्लोरीन काढून टाकलं की टेट्राला बऱ्यापैकी मानवतं. याउलट सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते अनेकदा जड असतं, त्यात मॉली आणि गप्पी खूश राहतात. म्हणजे दोन शेजारी सोसायट्या, दोन वेगळ्या नद्या!

उपनगरातला मासेवाला माणूस म्हणून पाण्याच्या वेळेवर जगतो. सकाळी पाणी आलं की एक बादली वेगळी भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती टाकीत. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त आला की दोन थेंब अँटीक्लोरीन जास्त. वीज गेली की हवेचा पंप बंद. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी मुंबईभर वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा या मंडळींना वर्क फ्रॉम होमपेक्षा मोठी काळजी होती. मगाने टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत ओतत बसायचं, म्हणजे हवा मिसळते.

पायऱ्या

एकदा पाणी जमलं की पुढच्या पायऱ्या भराभर येतात. पहिली पायरी बहुधा गप्पीच. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एक खेप. नर काढून टाकला तरी साठवलेल्या बीजावर ती आणखी काही खेपा देऊ शकते. एका सकाळी वनस्पतीत पापणीच्या केसाएवढं काहीतरी हलताना दिसतं, आणि घरातल्या माणसाचा चेहरा बदलतो. विकत आणलेल्या वस्तूने आपल्या घरात नवा जीव दिलेला असतो. पण आईच पिल्लं खाते, म्हणून त्यांना वेगळी टाकी. ही दुसरी टाकी. हौशी लोकांत याला गमतीने 'मल्टिपल टँक सिंड्रोम' म्हणतात.

मग फायटर येतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेणारं एक खास इंद्रिय असतं, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन सरळ श्वास घेऊ शकतो. म्हणूनच दुकानदार त्याला काचेच्या एवढ्याशा बरणीत ठेवू शकतो. पण जगणं आणि मजेत जगणं यात फरक आहे, आणि तो फरक बरणीतून मोठ्या टाकीत हलवलेल्या फायटरकडे बघून कुणालाही कळतो.

२००० नंतर दिवाणखान्यांत वास्तू आणि फेंगशुईची लाट आली. अरोवाना म्हणजे लक्ष्मी, फ्लॉवरहॉर्न म्हणजे भरभराट. फ्लॉवरहॉर्न हा मासा कुठल्याच नदीत नाही, १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तो तयार झाला. २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' आला आणि पोरांना केशरी-पांढरा क्लाउनफिश हवा झाला, तोही खाऱ्या पाण्यातला. गंमत म्हणजे त्या सिनेमात मासा टाकीतून समुद्रात परत जायला धडपडतो!

तिसऱ्या प्रकारचे लोक वनस्पतींकडे वळतात. जपानच्या ताकाशी अमानो यांनी टाकीत दगड, ओंडके, गवत यांची अशी मांडणी केली की टाकी म्हणजे एखादं निसर्गचित्र वाटावं. इथे मासा दुय्यम, डोळा असतो झाडावर आणि प्रकाशावर.

या सगळ्याला जागेची एक मर्यादा आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण १९० लिटर पाणी बसतं. म्हणजे १९० किलो, वर काच, खडी आणि स्टँड वेगळं. वन बीएचकेमध्ये फ्रिज कुठे ठेवायचा यावर वाद होतात, तिथे ही टाकी ठेवायची म्हणजे घरच्यांचं मतदान लागतं.

मुंबईचे खरे वेडे

आता मला ज्यांच्यासाठी हा भाग करायचा होता ती माणसं.

मुंबई प्रांताच्या मत्स्यव्यवसाय खात्यात डॉ. एस. बी. सेटना नावाचे प्रमुख होते. त्यांच्या काळात सी. व्ही. कुळकर्णी यांनी इथल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यातून एक मासा शोधला. जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा, जवळजवळ पारदर्शक. इतका छोटा की जाळ्यातून निसटून जाईल, आणि जाळ्यात आलाच तर कोळी झटकून टाकेल. कुळकर्णी यांनी तो बारकाईने पाहिला, आणि तो इतका वेगळा निघाला की १९४० मध्ये त्याच्यासाठी माशांचं एक नवं कुळच मांडलं गेलं. नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय: अर्धं नाव मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचं, अर्धं सेटनांचं.

याच कुळकर्णींनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका माशाचं वर्णन केलं. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खातो. स्थानिक लोक त्याला म्हणत खवलचोर. कुळकर्णींनी शास्त्रीय नाव काय ठेवलं? निओट्रोपियस खवलचोर! जगातल्या कुठल्याही मत्स्यशास्त्रज्ञाला आज हा शब्द उच्चारावा लागतो.

ही परंपरा तशी जुनी. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनीही इथलीच नावं लॅटिनच्या पंक्तीत बसवली. खुदरी, मळ्या, सांडखोल. पुण्या-साताऱ्याकडच्या नद्यांवरच्या कोळ्यांचे शब्द असे लंडनच्या कागदांत गेले. कुळकर्णींनी पुढे निवृत्तीनंतर लोणावळ्याला टाटांच्या वळवण इथल्या केंद्रात याच खुदरीच्या, म्हणजे महसीर माशाच्या, प्रजननाच्या कामाला हातभार लावला. लोणावळ्याचे ते तलाव बांधले होते मुंबईला वीज देण्यासाठी, १९१५ पासून खोपोलीची वीज इथे येते. तुमच्या टाकीचा पंप आणि सह्याद्रीतला महसीर यांचं नातं असं आहे.

तिसरं नाव बी. एफ. छापगर. तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर. मुंबई राज्यातल्या समुद्री खेकड्यांवर १९५७ मध्ये त्यांनी केलेलं काम आजही अभ्यासक उघडतात. रोज हजारो लोकांना मासे दाखवण्याची नोकरी करणारा हा माणूस स्वतः बघायचा थांबला नाही. १९९२ मध्ये छापगर आणि साने यांनी पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या एका छोट्या, देखण्या माशाचं वर्णन केलं आणि नाव दिलं सेटनाय. म्हणजे १९४० मध्ये एका माशाला सेटनांचं नाव, बावन्न वर्षांनी दुसऱ्या माशाला पुन्हा सेटनांचं नाव. दोन पिढ्या, एक धागा.

हा धागा अजून तुटलेला नाही. २०२० मध्ये प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन यांनी आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिरातल्या कुंडात राहणाऱ्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं, शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका बोटभर माशामुळे एका झऱ्याला संरक्षण मिळालं. कुंड जपलं तरच मासा जगेल, हे तिथे सगळ्यांना उघड दिसत होतं.

आणि आपल्या अंधेरीत, वर्सोव्याला, १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. सात बंगल्याला राहणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

वेडाची दुसरी बाजू

आता तो गॉस बाप-लेकांचा मुद्दा. वेड अर्धवट असलं की नासधूस करतं.

सकर मासा दुकानात दोन इंचांचा असतो, 'काच साफ करतो' म्हणून घेतला जातो. वाढून तो फूटभराचा होतो. मग टाकीत मावत नाही, मारवतही नाही, आणि लोक भूतदया म्हणून त्याला तलावात सोडून येतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज भारतभरच्या तलावांत पसरला आहे, आपल्याकडे उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही येतो. अंगावर चिलखतासारखे टणक खवले, त्यामुळे जाळी फाडतो. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. नुकसान कुणाचं? ज्याने आयुष्यात कधी ॲक्वेरियम घेतलं नाही त्या मच्छीमाराचं. गप्पीचंही तसंच. विहिरीत, इमारतीच्या टाकीत, कारंज्यात तो कामाचा, पण राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यात सोडला तर तिथल्या छोट्या माशांच्या तोंडचा घास काढतो. दहिसर नदी तुळशी तलावाकडून, उद्यानातून वाहत बोरिवलीत येते. बोरिवलीच्या माणसाने टाकी रिकामी करायची तर तिथे नाही.

उलटी बाजू ओरबाडण्याची. समुद्रघोडे आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, ते टाकीत ठेवणं गुन्हा आहे. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यात १५८ प्रजातींची यादी होती. व्यापाऱ्यांनी आणि पाळणाऱ्यांनी मोठा आक्षेप घेतला आणि ते नियम नंतर मागे घेतले गेले. नियम राहोत वा जावोत, दुकानात 'हा मासा पैदास केलेला आहे की नदीतून पकडलेला?' एवढा एक प्रश्न विचारणं आपल्या हातात आहेच. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदार उत्तर शोधून ठेवतो.

तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्ये बारा फुटांच्या ॲक्रिलिक बोगद्यासह नव्याने उघडलं होतं. कोविडमध्ये बंद झालं, आणि मग इमारत धोकादायक ठरल्याने बंदच राहिलं. काचेला नाक लावून उभं राहण्याची शहराची ती जागा गेली. त्या जागेतून घरी टाकी घेऊन गेलेले कितीतरी होते. पण तिथला क्युरेटर संध्याकाळी घरी जाऊन ओढ्यातल्या माशाचा विचार करत असे, हे मला त्या इमारतीपेक्षाही मोठं वाटतं.

तर तुमच्या घरी टाकी असेल तर मासे वाढवण्याआधी एक करा. आपल्या नळाचं पाणी नेमकं कुठल्या तलावातून येतं ते शोधा, आणि त्या तलावाच्या नदीत कुठले मासे राहतात तेही. बाजारात त्यातले बहुतेक मिळणार नाहीत, आणि मिळायलाही नकोत. पण ती नावं माहीत असलेला माणूस त्या नदीवर काही बांधायची, ओतायची, बुजवायची बातमी आली की ती वाचल्याशिवाय पान उलटत नाही.

तुमच्या सोसायटीतल्या माशांच्या वेड्याबद्दल मला जरूर लिहून पाठवा. टाकी किती फुटांची, सुरुवात कुठल्या माशापासून झाली, आणि घरच्यांनी शेवटी मतदानात काय निकाल दिला. पुढच्या भागात भेटू. तोवर, वॉटर चेंज विसरू नका!